चुरा

ख्रिस्ताचे परमपवित्र शरीर व रक्त ह्यांचा सोहळा
(वाचने: अनुवाद ८, १ करिंथ १०, योहान ६)



आजची तिन्ही वाचने अन्नाविषयी आहेत. पहिल्या वाचनात मोशे इस्राएल लोकांना रानातल्या चाळीस वर्षांची आठवण करून देतो. देवाने तुम्हांला उपाशी ठेवले आणि मग तुमच्या वाडवडिलांनी कधी न पाहिलेला मान्ना तुम्हांला खाऊ घातला, असे तो सांगतो. दुसऱ्या वाचनात संत पौल करिंथच्या ख्रिस्ती लोकांना समजावतो की भाकर एकच आहे, म्हणून आपण पुष्कळ असलो तरी एक शरीर आहोत. आणि शुभवर्तमानात प्रभू येशू स्वतःलाच स्वर्गातून उतरलेली जिवंत भाकर म्हणतो. ह्या सोहळ्याला मी दरवर्षी प्रवचन करीत आलो आहे आणि पौलाच्या त्या वाक्यावर तर माझे प्रवचन तोंडपाठ झाले होते. ह्या वर्षी मात्र मी त्याच वाक्यापाशी अडखळलो. एका भाकरीचे आपण सर्व वाटेकरी. मग ज्या लेकराला ती भाकर खाताच येत नाही, त्याचे काय?

हा प्रश्न पुस्तकातला नाही. आपल्याच धर्मग्रामातल्या एका आईने तो मला विचारला. तिच्या परवानगीने तिची गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही. जे ओळखतील त्यांनी मिस्सानंतर तिला घेरू नये, ही विनंती.

तिची मुलगी आज आठ वर्षांची आहे. चार-पाच वर्षांची असल्यापासून ती अंग धरत नव्हती. हातपाय काडीसारखे, पोट मात्र टम्म फुगलेले. शाळेत प्रार्थनेच्या रांगेत ही नेहमी पहिली, म्हणजे सर्वांत बुटकी. अंगात रक्त कमी, म्हणून लोहाचे औषध झाले. जंत असतील, म्हणून जंताचे औषध झाले. टॉनिकच्या बाटल्या झाल्या. शेजारणींनी दृष्ट काढून पाहिली. नातेवाईक म्हणाले, आईला भरवायचे कसे ते कळत नाही. ती एकदा मुलीला घेऊन माझ्याकडेही आली होती. मी पोरीच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि जाताना सांगितले, ‘हिला रोज दूध-बिस्किटे देत जा, बाळसे धरील.’ बिस्किटे! आज ते आठवले की मान खाली जाते.

शेवटी एका तरुण डॉक्टरबाईंनी रक्ताची एक वेगळी तपासणी करायला सांगितली. मग दुर्बिणीतून लहान आतड्याचे बारीक तुकडे काढून तपासले आणि आजाराला नाव मिळाले, सीलिअॅक.

हे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकले नसेल, म्हणून थोडे सांगतो. गहू, जव आणि युरोपात पिकणारे राय ह्या धान्यांत ग्लूटेन नावाचे प्रथिन असते. कणीक मळली की तिला जो चिवटपणा येतो तो ह्याच्यामुळे. हा विकार असलेल्या माणसाच्या पोटात ग्लूटेन गेले की शरीराची संरक्षण करणारी शक्ती चुकून स्वतःच्याच आतड्यावर उलटते. लहान आतड्याच्या आत मखमलीच्या लवेसारखे बारीक उंचवटे असतात आणि अन्नातले सत्त्व तेथून रक्तात जाते. ते उंचवटे झिजून सपाट होतात. मूल पोटभर जेवते आणि उपाशी राहते. ह्यावर आजवर औषध नाही. जन्मभर गहू वर्ज्य करणे एवढाच उपाय, आणि तो नीट पाळला तर आतडे हळूहळू भरून येते, मूल वाढू लागते.

आपल्याकडे हा आजार कुणाच्या चटकन लक्षात येत नाही, त्याला कारणही आहे. २०१६ साली भारताच्या निरनिराळ्या भागांतील २३ हजारांहून अधिक प्रौढांच्या तपासणीचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात उत्तरेकडे शंभरात सव्वा, तर दक्षिणेकडे हजारात एक असे प्रमाण दिसले. उत्तरेकडे जेवण पोळीचे, दक्षिणेकडे भाताचे. आपण किनाऱ्यावरचे लोकही भात आणि तांदळाच्या भाकरीवर वाढलेले. पण आपल्या मुलांच्या डब्यात आता भाकरी कुठे असते? पाव, बिस्किटे, नूडल्स, केक. तेव्हा कुणाचे मूल असे खंगत असेल, किंवा कुणा मोठ्या माणसाचे रक्त काही केल्या वाढत नसेल, तर डॉक्टरांना हा प्रश्न जरूर विचारा. मात्र एक लक्षात ठेवा. तपासणी होण्याआधी आपल्या मनाने गहू बंद करू नका. गहू बंद केल्यावर तपासणीत आजार लपून बसतो. आणि घरात एकाला असला तर सख्ख्या भावंडांची व आईवडिलांचीही तपासणी करून घ्यावी, कारण त्यांना तो असण्याचा संभव इतरांपेक्षा जास्त असतो.

आता त्या आईकडे वळू या.

आजाराला नाव मिळाले त्या रात्रीपासून ती वाचू लागली. मुले झोपली की मोबाईलच्या उजेडात ती एक-एक, दोन-दोन वाजेपर्यंत वाचीत बसे. तिचे इंग्रजी बेताचे, अडलेला शब्द ती शोधून वहीत उतरवून घेई. ती वही मी पाहिली आहे. दोनशे पानी, शेवटच्या पानापर्यंत भरलेली. तिला कळले की डबीतल्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. सोया सॉसमध्ये गहू असतो. आपल्या ईस्ट इंडियन घरांतल्या बॉटल मसाल्यातही भाजलेले गहू कुटलेले असतात. किलोमागे २० मिलिग्रॅमहून जास्त ग्लूटेन असले तर आपल्या देशातल्या नियमाप्रमाणे पाकिटावर ‘ग्लूटेनमुक्त’ लिहिता येत नाही. वीस मिलिग्रॅम म्हणजे किती? चिमटीत धरावी एवढी कणीकही त्याहून जास्त भरेल. म्हणजे पोळीच्या तव्यावर टाकलेली तांदळाची भाकरी नको, कणकेच्या हाताने दिलेला नाचणीचा लाडू नको, ज्या सुरीने पाव कापला त्या सुरीने कापलेले फळ नको. तिने घरातले तवे बदलले, पोळपाट बदलला, डबे बदलले. आणि तरी ती वाचतच राहिली.

एके दिवशी तिचा नवरा मला भेटायला आला. पहाटेची विरार लोकल पकडून कामाला जाणारा साधा माणूस. म्हणाला, ‘फादर, तिला काही सांगा. ती घरात असते, पण आमच्यात नसते. धाकट्याची परीक्षा कधी झाली तेही तिला ठाऊक नाही. मुलीला रोज संध्याकाळी वजनकाट्यावर उभी करते. शंभर ग्रॅम कमी भरले तर रात्रभर जागते.’ गायकवृंदातही तिने येणे सोडले होते, हे मला माहीत होते. का सोडले, ते मी विचारले नव्हते.

उपवासकाळात ती स्वतःच आली. मुलीचे प्रथम कम्युनियन मे महिन्यात होते, त्याविषयी बोलायला. आणि मी काय केले? नवऱ्याचे बोलणे माझ्या मनात होते. मी तिला मार्थेची गोष्ट सांगितली. म्हणालो, ‘अगं, तू मार्थेसारखी झाली आहेस. पुष्कळ गोष्टींची दगदग करतेस. जरा मरियेसारखी प्रभूच्या पायांशी बस.’ आणि कम्युनियनविषयी म्हणालो, ‘तिला अगदी लहानसा तुकडा देऊ. चुरा म्हण ना. विश्वास ठेव. प्रभूच्या शरीराने कधी कुणाचे वाईट झाले आहे का?’

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ‘फादर, त्या कनानी बाईला चुरा पुरला. माझ्या मुलीला चुराच चालत नाही.’ आणि उठून गेली.

त्यानंतर सात रविवार त्यांचे बाक रिकामे होते.

बंधुभगिनींनो, मी जे बोललो ते श्रद्धेचे बोलणे वाटत होते, पण ती ख्रिस्तसभेची शिकवणदेखील नव्हती. वेदीवर भाकरीचे तत्त्व पालटते आणि ते ख्रिस्ताचे शरीर होते. पण तिचा रंग, चव, वास आणि शरीरावर होणारा परिणाम हे सारे भाकरीचेच राहते. अभिषेक झालेला द्राक्षारस अधिक प्याल्यास माणसाला चढू शकतो, ह्याचा विचार संत थॉमस अक्वायनसने तेराव्या शतकातच करून ठेवला आहे. मी हे सेमिनरीत शिकलो होतो, परीक्षेत लिहिलेही होते. आणि एका आईपुढे ते सारे विसरून मी तिलाच अल्पविश्वासी ठरवले. देवाची परीक्षा पाहू नये, असे सैतानाला उत्तर देणारा प्रभू आपला. मी मात्र एका आठ वर्षांच्या पोरीच्या आतड्यावर देवाची परीक्षा पाहायला निघालो होतो.

त्या सात आठवड्यांत मी कनानी स्त्रीचा तो उतारा पुष्कळदा वाचला. मत्तयच्या पंधराव्या अध्यायात तो आहे. तिची मुलगी आजारी आहे. ती येशूच्या मागे ओरडत येते. शिष्य कंटाळतात. तिला घालवून द्या, असे ते प्रभूला सांगतात. प्रभूदेखील प्रथम कठोर वाटेल असे बोलतो. पण ती हटत नाही. मेजावरून पडलेला चुरा कुत्र्यांनाही मिळतो, असे ती त्याच्याच शब्दांतून काढून त्याला परत देते. त्या बाईची ती चिकाटी पाहून येशू काय म्हणतो? शांत हो, असे म्हणत नाही. एवढी चिंता करू नकोस, असेही म्हणत नाही. तुझा विश्वास मोठा आहे, असे म्हणतो. मी त्या दिवशी शिष्यांच्या रांगेत उभा होतो.

आणि मार्थेचेही आपण एकच चित्र भिंतीवर लावून ठेवले आहे. योहानच्या अकराव्या अध्यायात भाऊ मेल्यावर गावाबाहेर धावत जाऊन येशूला जाब विचारणारी आणि मग तो ख्रिस्त आहे अशी स्पष्ट ग्वाही देणारी मार्थाच आहे. मरिया त्या वेळी घरात बसून होती.

येथे एका परदेशी डॉक्टरची गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. हा आजार जुनाच. १८८८ साली लंडनच्या सॅम्युएल गी ह्या डॉक्टरांनी त्याचे नीट वर्णन लिहिले आणि बरे होणे शक्य असेल तर ते आहारानेच, असेही लिहिले. पण कोणता आहार, ते त्यांना सापडले नाही. पुढे कित्येक वर्षे मुलांना केळ्यांवर ठेवून पाहिले जात होते. नेदरलँड्समध्ये हेग शहरी विलेम कारेल डिके नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. असे सांगतात की घरात पाव बंद केला की माझ्या मुलाचे बरे असते, असे एका आईने त्यांना सांगितले आणि तेथून त्यांचे लक्ष गव्हाकडे गेले. मग महायुद्ध आले. १९४४-४५च्या हिवाळ्यात जर्मन सैन्याने पश्चिम नेदरलँड्सची रसद तोडली. लोक ट्युलिपचे कंद उकडून खाऊ लागले. हजारो माणसे उपासमारीने मेली. आणि त्या भयंकर काळात इस्पितळातली ही सीलिअॅक मुले मात्र सुधारत होती, कारण पाव नव्हता. एप्रिलच्या अखेरीस मित्रराष्ट्रांच्या विमानांनी आकाशातून अन्नाची पोती टाकली. ब्रिटिश हवाई दलाने त्या मोहिमेला नाव दिले होते ‘मान्ना’. पाव पुन्हा मिळू लागला, सारा देश जिवावरच्या संकटातून सुटला आणि ती मुले पुन्हा आजारी पडली. डिके ह्यांनी सहकाऱ्यांबरोबर पुढे मोजमाप करून हे सिद्ध केले आणि १९५० साली उट्रेख्त विद्यापीठात प्रबंध सादर केला. आज जगभर ही मुले जगतात-वाढतात ती त्या शोधामुळे.

आकाशातून उतरलेले अन्न सर्वांना तारते आणि काही लेकरांना आजारी करते. मोशेने हे ऐकले असते तर काय म्हटले असते कोण जाणे. मला ह्या गोष्टीतली ती बिननावाची आई महत्त्वाची वाटते. तीही रोज पोराचे ताट आणि पोराचे पोट पाहत बसली असणार. तिलाही कुणीतरी म्हटले असणार, बाई, किती विचार करतेस!

ईस्टरनंतरच्या आठवड्यात आपली ही आई परत आली. हातात वही आणि चार छापील कागद. रागावलेली नव्हती, थकलेली होती. तिने मला सांगितले की रात्रीच्या त्या वाचनात तिला तिच्यासारख्याच काही आया भेटल्या. एक लुधियानाची, जिच्या घरी तिन्ही त्रिकाळ गव्हाच्या रोट्या भाजल्या जातात. एक नागपूरची. आणि एक आयर्लंडची, कॅथलिक. त्या देशात हा आजार पूर्वीपासून ठाऊक आहे. एकमेकींना त्यांनी कधी पाहिलेले नाही. पण पोरीने आज काय खाल्ले, वजन किती भरले, शाळेत वाढदिवसाला केक वाटला तेव्हा काय केले, हे त्या एकमेकींना रात्री विचारतात. आयर्लंडच्या बाईने तिला सांगितले, ‘आमच्या चर्चमध्ये माझा मुलगा चषकातून कम्युनियन घेतो. तुझ्या फादरांना विचार, ख्रिस्तसभेने ह्याची सोय केव्हाच केली आहे.’

आणि खरोखरच केली आहे. विश्वासाच्या शिकवणुकीसाठी असलेल्या रोमच्या मंडळाने १९८२ साली सीलिअॅक असलेल्यांना केवळ द्राक्षारसाच्या रूपाने कम्युनियन देण्यास संमती दिली. २००३च्या जुलैत कार्डिनल रात्झिंगर ह्यांच्या सहीने जगातल्या बिशपांच्या परिषदांना पत्र गेले. त्यात सर्व स्पष्ट आहे. ज्या भाकरीत ग्लूटेन मुळीच नाही ती मिस्सासाठी चालत नाही. पण भाकर होण्यापुरते अत्यल्प ग्लूटेन असलेली, गव्हाचीच भाकर बिशपांच्या परवानगीने चालते. अमेरिकेत मिसूरी राज्यात क्लाइड येथील बेनेडिक्टाइन भगिनींनी वर्षानुवर्षे खटपट करून अशी भाकर तयार केली आहे. आणि ज्याला तीही सोसत नाही त्याने फक्त चषकातून घ्यावे. २०१७ साली रोमहून पुन्हा एक पत्र आले तेव्हा वर्तमानपत्रांनी जणू काही नवी बंदी आल्यासारखे मथळे दिले. नवे काहीच नव्हते. सीलिअॅक असलेल्या तरुणाने याजक व्हावे की नाही ह्याविषयी १९९५ साली कडक नियम होता. तो २००३ साली सौम्य झाला, हेही मला त्या कागदांवरूनच कळले.

म्हणजे बघा, सोय चाळीसहून अधिक वर्षे होती. आपल्या धर्मग्रामात ती कुणाला ठाऊक नव्हती, मलाही नाही. एका आईला ती मध्यरात्री सातासमुद्रापलीकडच्या अनोळखी बाईकडून कळली.

तिने त्या दिवशी आणखी एक प्रश्न विचारला. तो तुमच्यापैकी पुष्कळांच्या मनात येईल. ‘फादर, येशू आपल्या वसईत जन्मला असता तर त्याने तांदळाचीच भाकरी घेतली असती ना?’ मी म्हणालो, घेतली असती बहुतेक. पण तो तेथे जन्मला, त्या रात्री त्या मेजावर जी भाकर होती ती त्याने हातात घेतली, आणि ख्रिस्तसभा त्या रात्रीला धरून राहते. आपल्या सोयीने ती रात्र बदलत नाही. हे उत्तर तिला पटले की नाही, ठाऊक नाही. मलाही ते देताना सोपे गेले नाही. पण त्याला जोडून दुसरे सांगता आले आणि ते मात्र मी खात्रीने सांगितले. भाकरीत ख्रिस्ताचे शरीर आणि चषकात रक्त, अशी वाटणी नाही. प्रत्येक रूपात अखंड ख्रिस्त आहे. आपण सर्वजण वर्षानुवर्षे फक्त भाकर घेत आलो आणि आपल्याला कधी अर्धाच प्रभू मिळाल्यासारखे वाटले नाही. तसेच चषकातून घेणाऱ्यालाही काही कमी मिळत नाही. पूर्वीच्या काळी तान्ह्या बाळांनाही द्राक्षारसाचा थेंबच दिला जात असे.

मग आम्ही दोघांनी मिळून सोय ठरवली. यजमानपण माझे, पण शिकवणारी ती. कम्युनियनच्या आधी याजक भाकरीचा एक कण मोठ्या चषकात टाकतो, म्हणून तो चषक तिला चालत नाही. तेव्हा एक लहान चषक अर्पणाच्या वेळी वेदीवर वेगळा, झाकून ठेवायचा. त्यावर भाकरीची थाळी धरायची नाही. तो पुसायचे वस्त्र वेगळे. भाकर वाटून झालेल्या हातांनी तो उचलायचा नाही. म्हणून त्या कुटुंबाला सर्वांच्या आधी कम्युनियन द्यायचे. साक्रिस्तीतल्या मावशींनी सर्व ऐकून घेतले आणि विचारले, ‘चषक धुवायचे फडकेपण निराळे ठेवू ना?’ ते आम्हां दोघांनाही सुचले नव्हते.

एक गोष्ट राहिली, आणि तीच मला सर्वांत जास्त टोचते. ती आई म्हणाली, ‘फादर, मी खूप वाचले ते बरेच झाले, पण त्याची झळ पोरीला लागली.’ मुलगी आता आजोळी पाणीसुद्धा पीत नाही. मैत्रिणीच्या वाढदिवसाला जायचे म्हटले की तिच्या पोटात दुखते, तेथे काही न खाताच. आणि धर्मशिक्षणाच्या वर्गात सिस्टरांनी कम्युनियनची तयारी सुरू केली तेव्हा तिने घरी येऊन विचारले होते, ‘आई, येशूपण मला आजारी करील का?’ आईने ते वाक्य वहीत लिहून ठेवले होते, हिंग आणि सोया सॉसच्या मधोमध. तिने मला ते पान दाखवले आणि तेथे तिला रडू आले. इतके दिवस ती रडली नव्हती.

मी विचार करतो, एवढे ओझे तिने एकटीने का वाहिले? ज्या आयांनी तिला आधार दिला त्यांना देव भरभरून देवो. त्या अंधारात तिच्यापाशी त्याच होत्या. पण लुधियानाची बाई तिच्या घरी भाताचा टोप घेऊन येऊ शकत नव्हती. आयर्लंडची बाई एक संध्याकाळ मुलीला सांभाळून नवराबायकोला समुद्रावर पाठवू शकत नव्हती. ते आपण करू शकत होतो. दर रविवारी तिच्याशी शांतीचे हस्तांदोलन करणारे आपण. आपण तिला काय दिले? ‘एवढ्याशा चुऱ्याने काय होते’ हे वाक्य, आणि घरोघरच्या लग्नाबारशात फुग्यांनी भरलेले ताट. मैद्याचे फुगे! ती नको म्हणाली की रुसवा.

मे महिन्यात प्रथम कम्युनियन झाले. पांढऱ्या झग्यातल्या पंचवीस मुलामुलींत ती अजूनही सर्वांत बुटकी होती, पण गाल भरू लागले आहेत. तिची पाळी सर्वांत आधी आली. लहान चषक मी तिच्या ओठांशी नेला तेव्हा तिने आधी माझ्या हातांकडे पाहिले, मग मागे वळून आईकडे. आईने मान हलवली. मग ती प्याली. द्राक्षारस तिखट लागल्यासारखे तोंड केले आणि हसली.

त्या दिवसानंतर आई रात्री वाचायची थांबली असे मी सांगणार नाही. अजूनही वाचते. वजनकाटा मात्र आता आठवड्यातून एकदाच निघतो, रविवारी मिस्साहून आल्यावर, असे तिचा नवरा सांगत होता. गायकवृंदात ती परत आली आहे.

ज्यांच्या घरी असा आजार आहे त्यांनी मिस्साच्या आधी साक्रिस्तीत येऊन सांगावे. लाजू नये, आणि चषक एकाच्या जागी दोन ठेवावे लागले तरी आम्हांला जड नाही. आपल्याकडच्या सोहळ्यांचे जेवण ठरवणाऱ्यांनीही एवढे करावे. एक टोप भाताचा, एक कालवण गव्हाचा कण नसलेल्या मसाल्याचे, वेगळ्या पळीसह, पोळ्या-फुग्यांच्या मेजापासून दूर.

मसाल्याचे निघाले म्हणून सांगतो. आपल्या चर्चजवळ राहणाऱ्या एक आजी, वय शहात्तर, दर उन्हाळ्यात साऱ्या आळीचा बॉटल मसाला कुटून देतात. त्यांनी ह्या मुलीची हकीकत ऐकली आणि ह्या वर्षी गहू न घालता एक घाण वेगळा काढला. आधी उखळ दोनदा धुतले, दिवसभर उन्हात ठेवले. पहिली बाटली त्या मुलीच्या घरी गेली. कालवणाला रंग तोच आला, थोडा पातळपणा आला, असे आजी म्हणतात. परवा त्या मला फाटकाशी भेटल्या आणि विचारीत होत्या, नागपूरच्या त्या बाईचा पत्ता मिळेल का, अजून दोन बाटल्या उरल्या आहेत.